मध्ययुगीन कॉर्नवॉलचा सगळ्यात मोठा माणूस कोण? माझं मत जॉन ट्रेविसा

सुपारीबाज:
कॉर्नवॉल, म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक, म्हटलं की लगेच १४९७ चं राजाविरुद्धचं बंड आणि त्याचा पुढारी मायकेल अॅन गॉफ. मान्य, पण माझ्या मते ट्रेविसा त्याच्यापेक्षा मोठा. मूळचा कॉर्नवॉलचा, ऑक्सफर्डला शिकला, मग इंग्लंडमधल्या बर्कली गावी पाद्री, आणि तिथल्या लॉर्डसाठी हिग्डन नावाच्या मठवासी साधूचा 'पॉलिक्रॉनिकॉन' हा भलाथोरला लॅटिन इतिहास १३८७ साली इंग्रजीत आणला. मध्येच स्वतःच्या टिपा घुसडतो, त्यातली एक तर भारीच आहे, म्हणतो जॉन कॉर्नवॉल नावाच्या मास्तरने शाळेत फ्रेंच काढून इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली, आता १३८५ मध्ये सगळ्या ग्रामर स्कूलांत तेच चालतं, पोरं व्याकरण लवकर शिकतात पण फ्रेंच त्यांच्या डाव्या टाचेला येतं तेवढंच त्यांना येतं 😄

खडूस_काका:
अहो पण यात कॉर्निश काय आहे? लिहिलं इंग्रजीत, पगार इंग्रज लॉर्डचा. अॅन गॉफ सेंट केव्हर्नचा लोहार, अॅन गॉफ म्हणजेच कॉर्निशमध्ये, कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत, 'लोहार'. स्कॉटलंडच्या लढाईसाठी हेन्री सातव्याने कर लावला, तर हा आणि बॉडमिनचा वकील थॉमस फ्लॅमँक हजारो माणसं घेऊन चालत थेट लंडनच्या वेशीवर! १७ जूनला डेप्टफर्डला हरले, २७ जूनला टायबर्नवर फाशी. जाताना म्हणे माझं नाव कायम राहील. राहिलंच की.

सुपारीबाज:
काका, १४९७ मध्ययुगात धरायचं का हाच वाद आहे, बरेच जण १४८५ ला ट्यूडर घराणं गादीवर आलं की मध्ययुग संपलं म्हणतात.

खडूस_काका:
तारीख बघून लोहार बदलला नाही हो.

निवांत_बाई:
दोघंही राहू द्या. कॉर्निश भाषेसाठी कोणी काही केलं असेल तर 'ऑर्डिनालिया' लिहिणाऱ्याने. १४ व्या शतकातली तीन धार्मिक नाटकं, तीन दिवस चालायची, बहुतेक कॉर्नवॉलमधल्या पेन्रिन गावच्या ग्लॅस्नी कॉलेज या धर्मसंस्थेतली. त्यात सॉलोमन राजा मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांना बक्षीस काय देतो, तर पेन्रिनच्या आसपासच्या जमिनी! जेरुसलेम कुठे, पेन्रिन कुठे, पण बघायला बसलेल्यांना आपलंच गाव ऐकून काय मजा आली असेल.

सुपारीबाज:
हे भारीये. पण लेखकाचं नाव?

निवांत_बाई:
नावच नाही ना. म्हणून तर तुमच्या यादीत येत नाही.

खडूस_काका:
बाईंना माझं मत. ट्रेविसाला नाही म्हणजे नाही.