जीमॅटच्या क्रिटिकल रिझनिंगमध्ये शेवटचे दोन पर्याय उरतात, तेव्हा निवड कशी करावी?

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांना नमस्कार. मी जळगावात नोकरी करते आणि नोकरी सांभाळून जीमॅटची (एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करीत आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी अभियांत्रिकीनंतर इंग्रजी वाचनाची अडचण फारशी उरलेली नाही, आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे उतारे मला बऱ्यापैकी जमतात. अडते ते क्रिटिकल रिझनिंगमध्ये, म्हणजे छोटा युक्तिवाद वाचून त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर पाच पर्यायांतून निवडण्याच्या भागात. पाचपैकी तीन पर्याय लगेच बाद करता येतात, उरलेल्या दोहोंत मात्र निर्णय होत नाही. नंतर स्पष्टीकरण वाचले की ते पटते, पण पुढच्या प्रश्नाला त्याचा काहीच उपयोग होत नाही. परीक्षेच्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न राहिलेले नाहीत, त्यामुळे व्हर्बल या भाषिक विभागाचे सगळे २३ प्रश्न या दोनच प्रकारांतून येतात आणि हा भाग बाजूला ठेवण्याची सोय नाही. अधिकाधिक प्रश्न सोडवत राहावे, की पद्धतच बदलावी? गृहीतक ओळखण्याच्या आणि युक्तिवाद कमकुवत करण्याच्या प्रश्नांबद्दल जाणकारांनी विशेष मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पांझराकाठ (धुळे)

ताई, प्रश्नांची संख्या वाढवून यात फरक पडेल असे मला वाटत नाही. शेवटचे दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, युक्तिवादात नेमकी फट कुठे आहे हे ठरवण्याआधीच आपण पर्याय वाचू लागतो, आणि मग पर्यायच आपल्याला विचार सुचवू लागतात. चुकीचे पर्याय त्याच कामासाठी लिहिलेले असतात.

आपल्या भागातले एक उदाहरण रचून सांगतो. (रावेर-यावलकडच्या केळीला ठिबक केव्हाच आले आहे, तेव्हा हा तालुका काल्पनिक समजावा.) ‘तालुक्यातील भूजलाची पातळी खालावत आहे. केळीला पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबकने दिल्यास दर हेक्टरी पाण्याचा वापर बराच कमी होतो. म्हणून शासनाने सर्व केळी बागायतदारांना ठिबकसाठी अनुदान दिले, तर तालुक्यातील भूजलाचा उपसा घटेल.’ प्रश्न असा, की हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे?

पर्यायांकडे न पाहता आधी निष्कर्ष वेगळा काढा: तालुक्यातील एकूण उपसा घटेल. पुरावा कशाचा दिला आहे? दर हेक्टरी वापराचा. हेक्टरावरून तालुक्यावर उडी मारली आहे, आणि ती उडी हीच फट. ती आपल्या शब्दांत, मराठीत किंवा मनातल्या मनात अहिराणीत का होईना, एका वाक्यात सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल तर उतारा पुन्हा वाचावा, पर्याय नव्हे.

आता समजा हे दोन पर्याय उरले. पहिला: ‘पाणी वाचवण्याचा ठिबकपेक्षा स्वस्त उपाय उपलब्ध नाही.’ दुसरा: ‘ठिबक बसवणारे शेतकरी वाचलेल्या पाण्यावर केळीखालचे क्षेत्र इतके वाढवणार नाहीत, की सगळी बचत त्यातच खर्ची पडेल.’ दोन्ही समंजस वाटतात. प्रत्येकाला नकार देऊन पाहा. स्वस्त उपाय उपलब्ध आहे असे मानले, तरी ठिबकने उपसा घटायचा तो घटतोच, कारण ठिबक हा सर्वांत स्वस्त उपाय आहे असा दावा मुळात कोणी केलेलाच नव्हता. याउलट क्षेत्र वाढून सगळी बचत संपते असे मानले, की निष्कर्ष जागच्या जागी कोसळतो. म्हणून दुसरा पर्याय हे गृहीतक, आणि पहिला हा नुसता संबंधित विषय.

हाच युक्तिवाद कमकुवत करायला सांगितला, तर उत्तर त्याच फटीतून येते: ‘शेजारच्या तालुक्यात ठिबक आल्यानंतर शेतकऱ्यांनी कोरडवाहू कापसाची जमीन केळीखाली आणली.’ याने निष्कर्ष खोटा ठरला असे नाही, त्यावरचा विश्वास कमी झाला, आणि प्रश्नाला तेवढेच पुरते. एकदा फट सापडली की सगळ्या प्रकारचे प्रश्न तिच्याभोवतीच फिरतात, हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

सातपुडा (नंदुरबार)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘सगळ्या प्रकारचे प्रश्न’ हे विधान मला धोक्याचे वाटते. गृहीतक, बळकटी देणे, कमकुवत करणे आणि मूल्यमापन यांना ते लागू पडते; उताऱ्यावरून अनुमान काढण्याच्या प्रश्नांत फट शोधायचीच नसते. तिथे उतारा शंभर टक्के खरा धरून पर्यायाची परीक्षा घ्यायची असते, तर कमकुवत करण्याच्या प्रश्नांत पर्याय खरा धरून युक्तिवादाची. ही दिशा मनात पक्की नसेल, तर ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीही नाही’ असे टोकाचे शब्द दिसताच पर्याय बाद करण्याची सवय लागते. अनुमानात ती सवय बऱ्याचदा तारते. कमकुवत करण्याच्या प्रश्नात मात्र ती घात करते, कारण तिथे पर्याय जितका ठाम तितका त्याचा घाव मोठा असू शकतो. नकार देऊन पाहण्याची कसोटीही फक्त गृहीतकाच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी. इतरत्र ती वेळ खाते आणि गोंधळ वाढवते.

टक्केवारीचे उतारे वेगळे काढून त्यांचा सराव करावा, असेही मी सुचवेन. आमच्याकडच्या मिरचीवरून एक काल्पनिक उदाहरण घ्या. ‘बाजार समितीतील लाल मिरचीच्या आवकेत एका तालुक्याचा वाटा गेल्या वर्षी ६० टक्के होता, तो यंदा ४० टक्के झाला, म्हणजे त्या तालुक्यातून मिरची कमी आली.’ घाईत हे पटते. पण गेल्या वर्षी एकूण आवक १ लाख क्विंटल आणि यंदा २ लाख क्विंटल असेल, तर त्या तालुक्याची आवक ६० हजारांवरून ८० हजार क्विंटलवर गेली आहे. वाटा घटला आणि माल वाढला. उलट दिशेचा सापळाही असतो: आवक हजारो क्विंटलने वाढल्याचे सांगून वाटा वाढल्याचा निष्कर्ष काढलेला असतो. अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्यांना हे आकडेमोडीत लगेच कळते आणि तेच वाक्यात गुंफले की निसटते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

तापीकाठ (भुसावळ)

दोघांचेही मनापासून आभार. ठिबकच्या उदाहरणाने पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या. दोन शंका उरतात. दुसऱ्या पर्यायात ‘इतके वाढवणार नाहीत, की’ अशी अडनिडी रचना आहे; त्याऐवजी ‘शेतकरी केळीखालचे क्षेत्र मुळीच वाढवणार नाहीत’ असा सुटसुटीत पर्याय असता, तर तो चालला असता का? आणि ४५ मिनिटांत २३ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटेही येत नाहीत. त्यात फट आपल्या शब्दांत मांडत बसणे परवडेल का?

पांझराकाठ (धुळे)

पहिल्या शंकेचे उत्तर: चालला नसता. ‘मुळीच वाढवणार नाहीत’ याला नकार दिला, तर थोडे का होईना, क्षेत्र वाढेल एवढेच निघते. चार-दोन शेतकऱ्यांनी थोडीशी जास्त केळी लावली म्हणून तालुक्याची सगळी बचत संपत नाही, म्हणजे निष्कर्ष तगून राहू शकतो. याचाच अर्थ, युक्तिवादाला या पर्यायाइतक्या मोठ्या हमीची गरजच नव्हती. गृहीतकाच्या प्रश्नात बरोबर उत्तर पुष्कळदा असे अडनिडे, पाय राखून बोलणारे असते आणि सुटसुटीत पर्याय गरजेपेक्षा जास्त बोलून जातो. तुमच्या ‘शेवटच्या दोहों’पैकी बऱ्याच जोड्या अशाच निघतील, असा माझा अंदाज आहे.

हतनूर (वरणगाव)

वेळेबद्दल लिहितो. फट मांडण्यात गेलेली मिनिटातली काही सेकंदे पर्याय वाचताना परत मिळतात, कारण मग पाचही पर्याय दोन-दोनदा वाचावे लागत नाहीत. सुरुवातीला मात्र घड्याळ बाजूला ठेवूनच हा सराव करावा. पद्धत अंगवळणी पडण्याआधी घड्याळ लावले, तर माणूस जुन्याच सवयीवर परततो.

सोडवलेल्या प्रश्नांची वही ठेवत असाल, तर तिच्यात बरोबर उत्तराचे स्पष्टीकरण उतरवून घेऊ नका. आपण निवडलेला चुकीचा पर्याय आपल्याला का आवडला, ते एका ओळीत लिहा: ‘विषय तोच, पण निष्कर्षाशी संबंध नाही’, ‘दिशा उलटी’, ‘गरजेपेक्षा जास्त ठाम’, ‘बाहेरची माहिती वापरली’. पानभर नोंदी झाल्या की त्यांतली एखादीच ओळ पुन्हा पुन्हा येताना दिसते, आणि मग नेमक्या त्याच प्रकारावर मेहनत घेता येते. जिथे उत्तर बरोबर आले पण कारण सांगता आले नाही, त्या प्रश्नांचीही नोंद करावी.

प्रश्न शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच प्रसिद्ध केलेले वापरावेत. या भागाचा ढाचा बदललेला नसल्यामुळे अधिकृत मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्त्याही चालतात. ते संपल्यावर एलसॅटच्या (अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेच्या) लॉजिकल रिझनिंगकडे वळता येईल. ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतून तर्ककोड्यांचा विभाग गेला आणि लॉजिकल रिझनिंगचा भार वाढला. तिथे ‘जर-तर’ची औपचारिक साखळी अधिक असते, म्हणून शेवटच्या आठवड्यांत पुन्हा जीमॅटच्याच प्रश्नांवर यावे.

प्रत्यक्ष परीक्षेत विभागाच्या अखेरीस वेळ उरला, तर मागे जाऊन तीनपर्यंत उत्तरे बदलता येतात. त्यामुळे दोन पर्यायांत अडकल्यास एक निवडून, खूण करून पुढे जावे. प्रश्न अनुत्तरित राहिले तर गुणांना फटका बसतो, तेव्हा एका प्रश्नापायी शेवटचे दोन सुटू देऊ नयेत. अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव चाचण्या विनामूल्य मिळतात. त्यांपैकी एक तरी वहीतल्या त्या ओळी कमी होईपर्यंत उघडू नका.