मदत हवी आहे: इटलीच्या आल्प्समध्ये निवांत दहा दिवस

चहाबिस्कुट:
मिलानला उतरून मिलानहूनच परत, तिकिटं काढून झालीत. रोम-व्हेनिस मागे धावतपळत केलंय, आता नुसतं डोंगरात बसायचंय. आल्पे दि सिउसीचं कुरण व्हिडिओत पाहिल्यापासून आईने तेच धरून ठेवलंय. ऑर्टिसेईत पाच रात्री, कोन्येत चार असं डोक्यात आहे. ऑर्टिसेईहून वर केबल कार जाते ना? हॉटेल आज रात्री बुक करायचंय, पटकन सांगा.

सह्यभटक्या:
महिना कुठला? गाडी चालवणार का? सोबत कोण कोण? आणि नकाशा पाहिलात का? ऑर्टिसेई पूर्वेला, कोन्ये पार पश्चिमेला फ्रान्सच्या अंगाला. मध्ये अख्खी उत्तर इटली. याला निवांत म्हणत नाहीत.

लोणीधपाटे:
इटली कशाला, स्वित्झर्लंडला जा. आम्ही गेलो होतो, सगळं घड्याळासारखं.

चहाबिस्कुट:
@लोणीधपाटे, तिकीट मिलानचं आहे हो.
@सह्यभटक्या, दिवाळीनंतर, ११ ते २० नोव्हेंबर. मी आणि आईबाबा. आईचे गुडघे दुखतात. गाडी नाही.

सह्यभटक्या:
अहो, हे आधी सांगायचं! नोव्हेंबरात बहुतेक केबल कार बंद असतात, डिसेंबरात स्कीचा हंगाम लागला की उघडतात. ऑर्टिसेईच्या गार्देना खोऱ्यात हॉटेलंही बरीच बंद. ते हिरवं कुरण जून ते सप्टेंबरचं. आईंना आत्ताच सांगून टाका.

अप्पा_पुणे:
शेंगेनचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे व्हिसा मागायचा.

चहाबिस्कुट:
व्हिसा झालाय अप्पा.
मग जायचंच नाही का? तिकीट परत होत नाही.

रूळकर:
जा की! रेल्वे काही बंद होत नाही. मिलानहून तिरानोला थेट गाडी आहे, अडीच तास. जाताना डावीकडे बसा, कोमोचं तळं बराच वेळ सोबत असतं. तिरानोत तीन रात्री काढा. तिथून लाल बेर्निना रेल्वे ४२९ मीटरवरून २२५३ मीटरपर्यंत चढते, तीही दातेरी रुळाशिवाय. सुरुवातीला तर ती गावातल्या चौकातून, चर्चसमोरून ट्रामसारखी जाते. मोठ्या काचांच्या पॅनोरमा डब्याच्या मागे लागू नका. साधी लोकल त्याच रुळावरून जाते आणि तिच्या काही खिडक्या उघडतात. पलीकडे स्वित्झर्लंड लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा. (घ्या लोणीधपाटे, तुमचंही झालं.)

स्टिअरिंगवाले:
रेल्वेने खोरं दिसत नाही, फक्त स्टेशन दिसतात. गाडीच घ्या. फक्त शहरात झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची, पाटी बघून शिरा. मी नाही बघितली, चार महिन्यांनी दंडाची नोटीस घरी आली.

रूळकर:
सल्ला गाडीचा आणि पुरावा दंडाचा! शिवाय १५ नोव्हेंबरपासून तिथे बऱ्याच रस्त्यांवर बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या. त्यांना गाडी चालवायचीच नाहीये.

कोकमसार:
आई चालणार नसतील तर उरलेले दिवस मेरानोला द्या. गाव कमी उंचीवर आहे, नदीकाठी सपाट रस्ता आहे आणि गरम पाण्याचे हौद वर्षभर चालू असतात. मी आईला तिथे सोडलं, तर तास झाला तरी बाहेर यायला तयार नाही. बोल्झानो रेल्वेने पाऊण तासावर, तिथे १९९१ साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, बघा. बाबांना आवडेल. या दिवसांत आसपासच्या शेतघरांत नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट मिळतात. राहण्याच्या ठिकाणी 'गेस्ट पास' मिळतो का ते बुकिंगआधी विचारा, त्यावर तिकडची बस आणि लोकल फुकट. आणि अंधार पाचच्या आत पडतो, दिवस तसा आखा.

चहाबिस्कुट:
म्हणजे तिरानो आणि मेरानो. हे पटतंय. आम्ही शाकाहारी आहोत, तिकडे काही मिळतं का?

सह्यभटक्या:
हेही आता! तिरानोत पित्सोकेरी मागा: कुट्टूच्या जाड शेवया, बटाटा, कोबी, भरपूर चीज. मेरानोत कानेदेर्ली, म्हणजे पावाचे गोळे, घेताना विचारून घ्या, बहुतेकदा आत डुकराचं मांस असतं.

लोणीधपाटे:
कुट्टू? मग उपासाला चालतील.

अप्पा_पुणे:
कोबी उपासाला चालत नाही.

चहाबिस्कुट:
तिरानोतली खोली बुक केली. आई विचारतेय, कुरण नाही तर निदान गाई तरी दिसतील का?

कोकमसार:
तोवर गोठ्यात गेलेल्या असतात. घंटा मात्र दुकानात मिळते, हातभर मोठी. बॅगेचं वजन बघून घ्या.