गायमुख घाटातील वाहतूक कोंडी इंग्रजीत नेमकी कशी कळवावी?

माजिवडेकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यातील एका मालवाहतूक कंपनीत काम करतो. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे आमचे कंटेनर मुंब्रा बायपास, खारेगाव, साकेत, माजिवडा असे करत घोडबंदर रस्त्याला येतात आणि गायमुखचा घाट चढून अहमदाबाद महामार्गाला लागतात. वाटेत कोठे काय अडले आहे, हे चालक मला फोनवरून मराठीत किंवा हिंदीत सांगतात. ते इंग्रजीत लिहून परदेशातील ग्राहकांना कळवणे हे माझे रोजचे काम आहे.

मागच्या आठवड्यात एका चालकाने सांगितले, ‘घाटात ट्रक बंद पडलाय, मागे गाड्यांची रांगच रांग लागलीय, दोन तास झाले, जागचे हललो नाही.’ मी लिहिले, ‘देअर इज अ ह्यूज पाइल-अप ॲट गायमुख, अवर ड्रायव्हर इज स्ट्रक सिन्स टू अवर्स.’ दहा मिनिटांत ग्राहकाचा फोन आला. चालकाला किती लागले आहे, मालाचे काय झाले, विमा कंपनीला कळवले का, असे प्रश्न त्यांनी फार काळजीने विचारले. अपघात झालेलाच नाही हे पटवून देण्यात अर्धा तास गेला, आणि माझ्या वाक्यात अपघात कोठून शिरला हे मला अजूनही नीट उमगलेले नाही. ‘रोड इज जॅम’, ‘हेवी जॅम’ हे प्रयोगही मी नेहमी करतो. ते बरोबर आहेत का, आणि ‘कोंडी फुटली’ याला काय म्हणावे, हेही जाणकारांनी सांगावे.

नौपाड्यातील निवृत्त शिक्षिका

आपल्या वाक्यात अपघात दोन ठिकाणी शिरला आहे. ‘पाइल-अप’ म्हणजे एकामागून एक वाहने एकमेकांवर आदळून झालेला अपघात. आपल्या मनात ‘पाइल’चा ढीग हा अर्थ असणार आणि त्यावरून वाहनांची रांग असे आपण समजलात. ती समजूत स्वाभाविक असली, तरी रस्त्याच्या संदर्भात हा शब्द ऐकणाऱ्याला प्रथम टक्करच दिसते. त्यानंतर आपण ‘स्ट्रक’ लिहिलेत, ज्याचा अर्थ ‘आघात झालेला’ असा होतो. अडकण्यासाठी शब्द आहे ‘स्टक’, त्यात ‘र’ नाही. वर्गात शिकवताना ही एका अक्षराची चूक मी इतक्या वह्यांतून दुरुस्त केली आहे की ती मला आपल्याकडची सर्वांत रुजलेली चूक वाटते. दोन्ही शब्द एकाच संदेशात आल्यावर ग्राहकाने विम्याची चौकशी केली, यात त्यांचे काहीच चुकले नाही.

आता काळाविषयी. ‘दोन तासांपासून’ यातील ‘पासून’ पाहून आपला हात ‘सिन्स’कडे जातो. इंग्रजीत मात्र ‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ येते आणि ‘फॉर’नंतर लोटलेला कालावधी येतो. म्हणून ‘सिन्स नाइन ओक्लॉक’ किंवा ‘फॉर टू अवर्स’ असे लिहावे, आणि दोन्हींच्या आधी ‘इज’ न ठेवता ‘हॅज बीन’ घ्यावे.

‘ट्रॅफिक’ हे नाम मोजता येत नाही. त्याचे अनेकवचन होत नाही, त्यामागे ‘मेनी’ लागत नाही आणि ‘अ ट्रॅफिक’ असेही म्हणता येत नाही. ‘जॅम’ मात्र मोजता येतो, म्हणून ‘अ ट्रॅफिक जॅम’ बरोबर आहे. ‘रोड इज जॅम’मध्ये नामालाच विशेषण केले आहे. तेथे ‘द रोड इज जॅम्ड’ हवे. ‘हेवी’ हे विशेषण ‘ट्रॅफिक’ला शोभते, ‘जॅम’ला ‘बॅड’ किंवा ‘सिव्हिअर’ लावावे.

ऐरोलीकर

मी काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलो आणि रोज सकाळी गाडीतल्या रेडिओवर तिथल्या रस्त्यांच्या बातम्या ऐकत असे. माझ्या मते आपल्या चालकाच्या बोलण्यातच सगळे उत्तर आहे, कारण मराठीत आपण वर्दळ, संथ वाहतूक, खोळंबा, कोंडी आणि ठप्प यांत सहज फरक करतो, पण इंग्रजीत लिहायला बसलो की या पाचांचा एकच ‘जॅम’ करून टाकतो. नुसती वर्दळ असेल तर ‘हेवी ट्रॅफिक’ पुरे, कारण त्यात वाहने जास्त असली तरी चालत असतात. गाड्या रांगत असतील तर ‘स्लो-मूव्हिंग’, आणि अगदी एकमेकींना चिकटून सरकत असतील तर ‘बंपर टु बंपर’. चालक ‘जागचे हललो नाही’ म्हणाला, म्हणजे वाहतूक ठप्प होती, आणि त्यासाठी ‘ॲट अ स्टँडस्टिल’ हा नेमका प्रयोग आहे. ‘स्टेशनरी’ही चालेल, पण स्पेलिंगमध्ये शेवटून तिसरे अक्षर ‘ए’ असल्याची खात्री करावी. तेथे ‘ई’ आला तर तो वह्या-पेन्सिलींचा शब्द होतो.

अडथळ्यापासून मागे लांबत गेलेल्या रांगेला ब्रिटिश लोक ‘टेलबॅक’ म्हणतात. आपल्याला हवा होता तो शब्द हाच. ग्राहक अमेरिकेतील असेल तर ‘बॅकअप’ लिहावे. रस्ता जेथे अरुंद होतो आणि त्यामुळे गाड्या तुंबतात, ती जागा ‘बॉटलनेक’.

‘ग्रिडलॉक’ मात्र जपून वापरावा. हा शब्द १९८० साली न्यूयॉर्कमधील सार्वजनिक वाहतुकीच्या संपाच्या वेळी सर्वांच्या तोंडी झाला आणि तो एका विशिष्ट स्थितीचा आहे. एका चौकातील रांग मागच्या चौकात शिरते, तेथील आडवी वाहतूक अडवते, ती आणखी मागच्या चौकाला अडवते आणि शेवटी कोणालाच कोठे हलता येत नाही. तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी, सिग्नल सुटल्यावरही चौकाच्या मध्यभागी गाड्या उभ्याच असतात तेव्हा जे होते, ते याच्या जवळ जाते. घाटात एकाच दिशेला लागलेली रांग कितीही लांब असली, तरी ती ग्रिडलॉक नव्हे.

आणखी एक सूचना. आपल्या वर्तमानपत्रांत ट्रक उलटला की ‘टर्न्ड टर्टल’ लिहितात. हा मुळात उलटलेल्या नावेसाठीचा वाक्प्रचार आहे आणि परदेशातील वाचक तेथे अडखळतो. ‘ओव्हरटर्न्ड’ लिहावे.

कळवा खाडीपलीकडून

ऐरोलीकरांचे बाकी सर्व म्हणणे मान्य आहे, पण ‘ग्रिडलॉक’ आता इंग्रजी वर्तमानपत्रेही कोणत्याही मोठ्या कोंडीला सर्रास वापरतात, त्यामुळे त्याला चूक म्हणणे मला थोडे कडक वाटते. माझा मुद्दा वेगळा आहे. मीही काही वर्षे गाड्यांच्या नियंत्रण कक्षात काम केले आहे, आणि तेथे खरा घोटाळा ‘ब्लॉक्ड’ आणि ‘क्लोज्ड’ या दोन शब्दांत होत असे. ट्रक आडवा झाल्याने रस्ता अडला तर तो ‘ब्लॉक्ड’, पोलिसांनी किंवा दुरुस्तीसाठी बंद केला तर तो ‘क्लोज्ड’. ग्राहक दुसरा शब्द वाचतो तेव्हा तो वाट न पाहता दुसरा मार्ग मागतो.

कोंडी फुटण्याला ‘ब्रोकन’ म्हणू नये. ‘द जॅम हॅज क्लिअर्ड’ म्हणावे, आणि नुसती सैल झाली असेल तर ‘ट्रॅफिक इज ईझिंग’.

माजिवडेकर

सर्वांचे मनापासून आभार. तोच संदेश पुन्हा लिहून पाहिला आहे: ‘अ ट्रक हॅज ब्रोकन डाउन ऑन द गायमुख घाट, अँड ट्रॅफिक टुवर्ड्स गुजरात हॅज बीन ॲट अ स्टँडस्टिल फॉर टू अवर्स. अवर कंटेनर इज इन द टेलबॅक. द ड्रायव्हर अँड द कार्गो आर सेफ.’ यात काही राहिले आहे का?

नौपाड्यातील निवृत्त शिक्षिका

व्याकरणात काहीही राहिलेले नाही, आणि शेवटचे वाक्य आपण आपणहून घातलेत हे मला फार आवडले. फक्त ‘घाट’ हा शब्द परदेशातील वाचकाला कळणार नाही, फार तर त्याला वाराणसीच्या नदीकाठच्या पायऱ्या आठवतील. तेथे ‘ऑन द स्टीप क्लाइंब ॲट गायमुख’ असे लिहावे, म्हणजे तेथे ट्रक का बंद पडतात हेही त्याला न सांगता समजेल.