कुत्र्याचा पाय आणि दवाखान्याचं बिल: तुमचे अनुभव सांगा

केतकी_कोथरूड
काल संध्याकाळी कर्वे रोडला एक कॉलेजातली मुलगी कुत्रं ओढणीत गुंडाळून रिक्षांना हात करत उभी होती. रिक्षा थांबत होत्या, आत बघत होत्या आणि पुढे जात होत्या. शेवटी मीच दोघांना गाडीत घेतलं. रस्ताभर ती एकच विचारत होती, "काकू, किती पैसे लागतील हो?" रात्री आमच्या बंड्याचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं, म्हणून हा धागा.

बंड्या इंडी आहे, म्हणजे आपला देशी कुत्रा, तांबडा, कान एक उभा एक पडलेला. २०१९ च्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीखाली त्याचा मागचा पाय आला. पहिल्या दवाखान्यात एक्सरे न काढताच वेदनाशामक इंजेक्शन दिलं, क्रेप बँडेज बांधलं आणि आठवड्याने या म्हणाले. रात्रभर विव्हळत होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे काढले आणि पडद्यावर दाखवले. मांडीचं हाड मधोमध मोडून तुकडे एकमेकांवर चढले होते. प्लास्टर का नाही, हे त्यांनी नीट समजावलं: हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले तरच प्लास्टरचा उपयोग होतो. मांडीच्या वर खुबा येतो, तो प्लास्टरमध्ये जखडता येत नाही. म्हणजे ऑपरेशन करून हाडाला सळई किंवा प्लेट.

मग मी सरळ विचारलं, "डॉक्टर, एकूण किती?" त्यांनी कागदावर लिहून दिलं. रक्ततपासणी, भूल, प्लेट आणि स्क्रू, ऑपरेशन, औषधं, टाके काढणं, नंतरचे एक्सरे. ४५ हजारांच्या आसपास. सळईने निम्म्यात झालं असतं, पण तुकडे तिरके होते, सळईभोवती हाड फिरण्याची भीती होती. तेव्हा यांचा पगार अर्धा येत होता. एफडी मोडली. त्या कागदामुळे निदान मोडायची किती ते तरी कळलं.

एवढंच म्हणायचंय की पैसे आधी विचारा, हिशेब लिहून मागा. विचारणाऱ्याचं प्रेम कमी नसतं. त्या मुलीलाही काल हेच सांगितलं. तुमचे अनुभव लिहा, खर्चासकट.

सायली म.
बापरे! मांडीला प्लास्टर चालत नाही हे माहीतच नव्हतं. बंड्या आता कसा आहे?

केतकी_कोथरूड
मस्त धावतो. थंडीत सकाळी उठताना जरा आखडतो, तेवढंच.

रानवारा
आमच्या कुत्रीचा पाय मोडलाच नव्हता. आज पुढचा उजवा उचलून चालायची, परवा मागचा डावा. शेजारचे म्हणाले कॅल्शियम द्या, मोहरीच्या तेलाने चोळा. मग जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसायला लागल्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट अगदी खाली. गोचीड ताप! त्यात सांधे सुजतात, म्हणून लंगडणं एका पायावरून दुसऱ्यावर जातं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्सीसायक्लिन जवळजवळ महिनाभर. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खायला लागली, तरी कोर्स पूर्ण केला. सगळं मिळून चार-पाच हजारात झालं. पाय बदलून बदलून लंगडत असेल तर आधी रक्त तपासा, अगदी कळकळीने सांगते.

परळकर
मुंबईकरांनी परळचं बैलघोडा हॉस्पिटल विसरू नये. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १८८६ सालचं. आमच्या चाळीतली तीन पिढ्यांची कुत्री, मांजरं, एक पोपट, सगळे तिथेच बरे झाले. खाजगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी. मात्र सकाळी लवकर जा, नंबर लागतो. जुनी चादर, पाण्याची बाटली आणि तोंडाला बांधायला कापडी पट्टी न्या. दुखत असलं की घरचं कुत्रंही चावतं, त्यात त्याचा दोष नसतो.
महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालयही २०२४ साली सुरू झालंय.

मृण्मयी
आई गं, बैलघोडा! बाबा मला लहानपणी शाळेला सुट्टी असली की तिथले घोडे दाखवायला न्यायचे. लालबागला राहायचो आम्ही. परळकर, तुम्ही कुठल्या चाळीत?

परळकर
भोईवाड्याकडे. चाळ आता गेली, टॉवर झाला.

मृण्मयी
आमचीही गेली. :(

मेडिकलवाला_दादा
दुकानात काउंटरला असतो, दोन मिनिटं आहेत, पटकन लिहितो. रोज कुणीतरी येतं, "कुत्र्याचा पाय दुखतोय, आयब्रुफेन द्या." मी देत नाही. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलसुद्धा मनाने देऊ नका, आणि मांजराला तर अजिबातच नाही, एक गोळी जीव घेते. मेलोक्सिकॅम डॉक्टर देतात, पण वजन बघून आणि जेवणानंतर. माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा हा हिशेब नसतो. कृपा करून लक्षात ठेवा. गिऱ्हाईक आलं.

माणदेशी
आमच्याकडं शेतावरचं कुत्रं, नाव वाघ्या. पुढच्या पंजात बाभळीचा काटा मोडला. वरनं काय दिसत नव्हतं, नुसतं चाटायचा. मग पंजा फुगला. आबा म्हणाले हाडवैद्याकडं न्या, बसवून देईल. मी म्हणलं हाड नाही, पू हाय आतनं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हशीच्या वेताला गेलेले. दुपारपर्यंत बसलो. आल्यावर त्यांनी पंजा बधिर केला, चिरा दिला, काटा काढला, बोटाच्या पेराएवढा! केसपेपरचे पैसे किरकोळ, बाहेरची औषधं तीनशेची.
जखमेवर माशी बसू द्यायची नाही, दोन दिवसांत अळ्या पडतात. १९६२ नंबर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी हाय, गावाकडं असाल तर लिहून ठेवा.

रानवारा
माणदेशी, वाघ्या मेंढ्यांबरोबर असतो का? आमच्याकडे धनगरांचे वाडे येतात दिवाळीनंतर, त्यांची कुत्री बघत बसावीत अशी देखणी असतात.

माणदेशी
हो, मेंढ्यांबरोबरच. लंगडत हुता तवाबी कळप सोडला नाही.

सिंबाची_आई
आमचा सिंबा, लॅब्रेडॉर. ३८ किलो. बॉलमागे पळताना वळला आणि किंचाळला, बस. गुडघ्याचा लिगामेंट. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही, डॉक्टर मांडी धरून नडगी पुढे सरकवून बघतात, ती ड्रॉवरसारखी सरकली की समजायचं तुटला. टीपीएलओ सांगितलं, म्हणजे नडगीचं वरचं टोक गोल कापून फिरवतात आणि प्लेट लावतात, मग तुटलेल्या लिगामेंटशिवायही गुडघा पुढे घसरत नाही. ठाण्यात सव्वा लाखाच्या घरात गेलं. दादाने अर्धे दिले, उरलेले कार्डावर हप्त्याने फेडले.

सासूबाई आधी म्हणाल्या, "माणसाला एवढा खर्च करत नाहीत गं." मी काही बोलले नाही. घरी आणल्यावर त्यांनीच त्याच्याशेजारी सतरंजी घातली. वजन उतरवायचं होतं म्हणून लाल भोपळा उकडून भातात कालवायच्या, पेडीग्रीची वाटी त्यांनीच मोजून कमी केली. ३८ वरून ३२ वर आणला त्यांनी. डॉक्टरांनी बजावलं होतं की बऱ्याच कुत्र्यांचा नंतर दुसरा गुडघाही जातो, म्हणून वजन हाच खरा उपचार. अजून तरी दुसरा ठीक आहे.

सायली म.
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. डोळ्यांत पाणी आलं वाचून. भोपळ्यात मीठ घालत नाही ना?

सिंबाची_आई
मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. हळद चिमूटभर.

नितीन_श्टुटगार्ट
इथला अनुभव. ३१ डिसेंबरच्या रात्री इथे फटाके आणि बाटल्या, १ तारखेला रस्त्यावर काचा. आमच्या मोलीचा पंजा उभा चिरला. सुट्टी, म्हणून तातडीचा दवाखाना. जर्मनीत प्राण्यांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाने ठरते, २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते दर बरेच वाढले. तातडीच्या वेळी त्या दराच्या दुप्पट ते चौपट लावता येते, शिवाय ५० युरो वेगळी आकारणी. टाके, भूल, ड्रेसिंग मिळून बिल बघून हात थरथरले. पण ऑपरेशनचा विमा होता, बहुतेक परत मिळाले. प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे कशाचे किती ते कळतं. केतकीताई म्हणतात तो लिहून दिलेला हिशेब आपल्याकडे सगळीकडे मिळायला हवा.
भारतात श्वान विमा कुणी घेतलाय का? आईबाबांच्या कुत्र्यासाठी विचारतोय, सांगलीला.

सिंबाची_आई
मी चौकशी केली तेव्हा सिंबाचं वय जास्त भरलं. लहानपणीच घ्यावा लागतो. मायक्रोचिप आणि लसीकरणाचं पुस्तक तयार ठेवा.

अ‍ॅड_वर्षा
ज्यांच्या कुत्र्याला कुणी मुद्दाम मारून पाय मोडलाय त्यांच्यासाठी: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त ५० रुपयांपर्यंत आहे, म्हणून लोक तक्रारच करत नाहीत. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघा. प्राण्याला जाणूनबुजून मारणं किंवा जायबंदी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. डॉक्टरांचा लेखी अहवाल, एक्सरे आणि बिलं जपून ठेवा. सीसीटीव्ही फुटेज लगेच मागा, ते पुसलं जातं.

गुलमोहर
माझं कुणी वाईट मानू नये. आम्ही ऑपरेशन केलं नाही. बाबांची डायलिसिस चालू होती, घरात दुसरा पैसा नव्हता. चिकूची नडगी मोडली होती, चार महिन्यांचा होता. डॉक्टरांना परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, पिल्लू आहे, हाड फारसं सरकलेलं नाही, प्लास्टर करून बघू. पिल्लांचं हाड लवकर जुळतं. दर आठवड्याला ते प्लास्टर तपासायचे, पिल्लू वाढतं तसं ते आवळतं आणि आत जखम होते. त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. पाय किंचित वाकडा आहे. जिने चढतो, मांजरांमागे पळतो. बाबा २०२२ ला गेले. शेवटपर्यंत चिकू त्यांच्या पलंगाखाली झोपायचा.

केतकी_कोथरूड
गुलमोहर, वाईट का मानू? तुम्ही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोललात, म्हणून तर मार्ग निघाला. चिकूला माझ्याकडून एक थापटी.

मृण्मयी
गुलमोहर, मिठी. माझे सासरे पण डायलिसिसवर आहेत, कळतं ते. वेगळा निरोप पाठवते तुम्हाला.

तिपाई
नावावरून ओळखलं असेल. राणीचा मागचा पाय काढावा लागला. लोकल लाइनजवळ सापडली तेव्हा पंजा नव्हताच, वर हाडाचा चुरा. दोन-तीन ऑपरेशनं करून वाचेल की नाही सांगता येत नव्हतं, काढायचा खर्च त्यापेक्षा कितीतरी कमी होता आणि वेदना लगेच संपणार होत्या. मला वाटलं होतं, ही कशी जगणार? डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, मागचा एक गेला तर लवकर सावरतात. टाके निघायच्या आत गच्चीवर कावळ्यामागे पळाली. लोक रस्त्यात "बिच्चारी" म्हणतात, मला ते आवडत नाही. तिला बिस्कीट द्या आणि नाव विचारा.

माणदेशी
राणीचा फोटू टाका.

तिपाई
ऑफिसात आहे, रात्री टाकते.

सायली म.
घरात फरशी गुळगुळीत असेल तर काय करता सगळे? आमचा बाराचा झालाय, मागचे पाय फाकतात. डॉक्टर खुबा म्हणालेत.

सिंबाची_आई
जुने योगा मॅट कापून पाणी प्यायच्या जागेपासून दारापर्यंत पट्टा केला. पंज्याखालचे केस कातरा, नखं कापा, पकड येते. उचलताना पोटाखालून टॉवेल घाला.

परळकर
काथ्याचं पायपुसणं नको, नखं अडकतात.

सायली म.
आजच मॅट शोधते. आणि चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन, मोठ्या मापाचा, कुणाकडे पडलाय का? जखम चाटतोय, दुकानात मधलंच माप आहे.

केतकी_कोथरूड
बंड्याचा आहे माळ्यावर, कडेला थोडा चावलाय पण चालेल. कुठे राहतेस?

सायली म.
वारजे, माळवाडी.

केतकी_कोथरूड
मग जवळच. सातनंतर ये, मी घरीच आहे. येताना त्याच्या मानेचं माप घेऊन ये.