मदत हवी आहे: व्हीएफडी लावल्यापासून ईएलसीबी ट्रिप होतोय, मोटरला हात लावला की झिणझिण्या

डाळमिलवाला: जळगाव एमआयडीसी. एलेव्हेटरच्या मोटरला नवीन व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवला, चालू केला की दोन मिनिटात ईएलसीबी (अर्थला गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. मोटरच्या बॉडीला हात लावला तर झिणझिण्या. वायरमन म्हणतो ड्राइव्ह खराब, ड्राइव्हवाला म्हणतो तुमची अर्थिंग खराब. तूर पडून आहे, लवकर सांगा.

पॅनेलवाला_धुळे: मोटर किती एचपी? केबल किती लांब? ईएलसीबी किती मिलीअँपचा?

तापीकाठ: भो एप्रिल चालू आहे, काळी माती भेगाळली असेल. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाक आणि रोज दोन बादल्या पाणी ओत. माझ्या जिनिंगला तेवढ्यानेच भागलं.

डाळमिलवाला: १५ एचपी. केबल ६० मीटर असेल. ईएलसीबी ३० मिलीअँप, ऑफिस आणि मिलला एकच.

जुना_वायरमन: बॉडी न्यूट्रलला मार, झिणझिण्या बंद. ३० वर्षं हेच करतोय.

पॅनेलवाला_धुळे: काका हे कुणाला शिकवू नका. न्यूट्रल कुठे तुटला की पूर्ण बॉडीवर फेज येतो. डाळमिलवाला, मोटरचा अर्थ कुठे जातो?

डाळमिलवाला: मागच्या भिंतीशी वेगळा खड्डा केलाय खास मोटरसाठी. ड्राइव्हचा पुढच्या खड्ड्याला.

पॅनेलवाला_धुळे: हेच आधी सांगायचं ना! समज खड्डा ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरचा ५. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपच, ३२ अँपचा एमसीबी ढिम्म, बॉडीवर ११५ व्होल्ट तसेच. मातीच्या भरवशावर राहू नको, मोटरपासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत तांब्याची वायर हवी, केबलसोबतच. दोन्ही खड्डेही पट्टीने जोड.

चाळीसगावकर: सोलर लावून टाका, बिल पण वाचेल.

तापीकाठ: इथं बिलाचं कोण बोललं?

जुना_वायरमन: मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून बघ आधी.

पॅनेलवाला_धुळे: मारा, पण ड्राइव्हमधून केबल काढून. नाहीतर ड्राइव्हचीच राख.

डाळमिलवाला: आत्ता पॅनेल उघडलं. केबल चार कोरची आहे आणि चौथी वायर टेप मारून आतच गुंडाळून ठेवलीय!! मोटरच्या बाजूला अर्थ बोल्टखाली रंग तसाच. रंग खरवडला, वायर दोन्हीकडे जोडली, झिणझिण्या गेल्या. ईएलसीबी मात्र पडतोच.

पॅनेलवाला_धुळे: पडणारच. ड्राइव्हमधला फिल्टर आणि लांब केबल यातून थोडी गळती कायम अर्थला जाते, ३० ला ते झेपत नाही. ड्राइव्हचा फीडर वेगळा काढ, त्यावर ३०० मिलीअँपचा, टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारा). ऑफिसच्या सॉकेटवर ३० च राहू दे. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आतल्या स्विचिंगचा वेग) कमी केलीस तर गळती घटेल, आवाज जरा वाढेल.

डाळमिलवाला: टाइप बी चा भाव विचारला. नुसता ३०० चालणार नाही का?

जुना_वायरमन: बायपास कर.

पॅनेलवाला_धुळे: काका!!