प्रतिसरकारवर मालिका हवीच, पण पत्रीची शिक्षा कशी दाखवायची?

कृष्णाकाठ:
भवानीनगर, १९४३. पोलीस ठाण्यासमोर एक जण एका पोरीला बडवतोय. भाऊ आहे म्हणे तिचा. ती सासरी नांदायला तयार नाही आणि तो ओढून न्यायला बघतोय. पोरगी ओरडतेय, तो मोठा दगड उचलून तिच्या डोक्यात घालायला निघालाय. ठाण्यातले पोलीस धावत येतात, भांडण सोडवतात, दोघांची समजूत काढत त्यांना स्टेशनकडे पोचवायला निघतात. तेवढ्यात मागं ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं गायब झालेली असतात. ती पोरगी म्हणजे हौसाताई, क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी. भाऊ खोटा, भांडण खोटं, मार मात्र खरा. इतकं जोरात का मारलंस, असं त्यांनी नंतर त्या साथीदाराला विचारलं होतं. खरं वाटलं नसतं तर पोलीस बाहेर आलेच नसते, असं त्याचं म्हणणं.

एवढा तयार प्रसंग हाताशी असताना आपण पडद्यावर अजून गडकोटांभोवतीच फिरतोय. शिवकाळावरचे सिनेमे मीही आवडीनं बघतो. पण साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावांनी उभं केलेलं समांतर सरकार, १९४३ ते १९४६, हे आठ भागांच्या वेब मालिकेसाठीच घडलंय असं माझं ठाम मत आहे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रुळावर दगड रचून रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. २४ जुलैला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून पळाले. समोर पावसाळ्यातली कृष्णा, मागून गोळ्या. अण्णासाहेब पत्रावळे त्यात गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. आणि १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना साताऱ्याच्या आणि खानदेशच्या पोरांनी मिळून लुटला.

पण मला सगळ्यात जास्त बघायचंय ते या धामधुमीच्या मधलं. न्यायदान मंडळ देवळात बसून बांधाचे तंटे मिटवतंय, दारूचे गुत्ते बंद होतायत, हुंडा आणि मानपान टाळून गांधी लग्नं लागतायत. वर इंग्रजांचं राज्य जिवंत असताना खाली गावं स्वतःचं राज्य चालवतायत. हे आपल्याच आजोबा-पणजोबांनी केलंय.

माणदेशी:
भावना शंभर टक्के पटली, तरी माझा विरोध आहे. मालिकेला एक नायक लागतो, इथं तुम्ही कुणाला धरणार? नाना पाटील सगळ्यांचे, पण ते भूमिगत राहून गावोगाव सभा घेत फिरत होते. शेणोली-धुळ्याला पुढे जी. डी. बापू लाड. वाळव्याचे नागनाथअण्णा वेगळे, किसन वीर वेगळे, वसंतदादांचा गट आणखी वेगळा. यातल्या बहुतेकांच्या नावामागे आज कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहे, राजकारण आहे. पटकथा लिहायला बसलात की पहिल्या आठवड्यात विचारणा येणार, आमच्या साहेबांना किती मिनिटं? शेवटी हातात पडेल ती गौरविका. आणि गौरविका आपल्याकडे छापील भरपूर आहेत.

त्यापेक्षा वडूज घ्या. ९ सप्टेंबर १९४२, तहसील कचेरीवर मोर्चा, पोलिसांचा गोळीबार, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. एक दिवस, एक रस्ता, एक झेंडा. आमच्या माण-खटाव भागातल्या साध्या शेतकऱ्यांची गोष्ट. तिच्यावर कुणाचा दावा नाही.

कृष्णाकाठ:
माणदेशी, वडूज यायलाच हवं, माझ्या डोक्यातला पहिला भाग तिथंच सुरू होतो. मोर्चे काढून गोळ्या खाल्ल्या म्हणून तर पोरं भूमिगत झाली. नायक अनेक आहेत, हीच या गोष्टीची ताकद वाटते मला. तुफान सेनेतला, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलातला, कुंडलचा एखादा अठरा वर्षांचा पोरगा धरा, नाव कल्पित ठेवा, त्याच्या डोळ्यांनी सगळे नेते दिसू द्या.

गडवेडा:
राजाराम महाराजांचा जिंजीचा प्रवास अजून नीट पडद्यावर यायचाय, तो आधी करा. सप्टेंबर १६८९, पन्हाळ्याहून वेषांतर करून लिंगायत यात्रेकरूंबरोबर निसटणं, केळदीच्या राणी चेन्नम्मांनी दिलेला आसरा, मग जिंजीला जवळपास आठ वर्षांचा वेढा. प्रतिसरकार मोठंच आहे, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीला रंग लवकर चढवू नये. माणसं अजून ओळखीची आहेत, जखमा ओल्या आहेत.

तळपाय:
गडवेडा यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितोय. बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या आजीच्या वडिलांना पत्री बसली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तसं माणसाला उताणं पाडून तळपायावर काठ्या मारायच्या. खबऱ्यांना, सावकारांना, बाईवर हात टाकणाऱ्यांना ही शिक्षा असे. त्यावरूनच प्रतिसरकारचं लोकांच्या तोंडी पत्री सरकार झालं. माझे पणजोबा पोलीस पाटील होते. खबर दिली असा आरोप होता. आजी शेवटपर्यंत म्हणायची, दिली नव्हती. खरं काय ते मला कधीच कळणार नाही. आजी तेव्हा सात वर्षांची. चौघांनी चादरीत घालून त्यांना घरी आणलं, तेव्हा ती चुलीपुढं बसली होती आणि तिला आधी दिसले ते पाय, कारण चादर आखूड होती. पुढं वर्षभर ती रोज रात्री तेल-हळद गरम करून त्यांच्या तळव्यांना लावायची. ते उभ्या जन्मात परत वहाण घालू शकले नाहीत. गावानं आमच्या घराला फितूर हे नाव कायमचं दिलं.

नाना पाटलांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांचं घर जप्त झालं, जमीन जप्त झाली, तलाठ्याची नोकरी त्यांनी १९३० सालीच सोडली होती. खासदार झाल्यावरही राहणी तीच. हे सगळं मान्य. पण तुमच्या मालिकेत पत्रीचा प्रसंग कसा येईल ते मला आत्ताच दिसतंय. ढोल वाजतील, काठी संथ गतीत खाली येईल, आणि प्रेक्षक टाळ्या पिटतील. त्या टाळ्या माझ्या आजीच्या घरावर पडणार आहेत. म्हणून माझं मत, नको.

ज्वारी-भुईमूग:
तळपाय, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तरी मी कृष्णाकाठ यांच्याच बाजूनं आहे. त्या काळात प्रतिसरकारचं नाव सांगून दरोडेखोरही गावं लुटत होते, त्यांचा बंदोबस्त कार्यकर्त्यांनी केला म्हणून बायका रात्री निर्धास्त झोपल्या. माझ्या आईच्या गावात हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या मी ऐकल्यात. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला न्यायदान मंडळानं परत घरात उभं केलं, तिच्यासाठी कोर्ट तालुक्याला आणि वकील परवडणारा नव्हता. ही बाजू आली नाही तर तोही अन्यायच.

आणि हौसाताईंना फक्त मार खाणारी पोर म्हणून दाखवू नका. रात्री लाकडी पेटीवर बसून त्यांनी गोव्यात मांडवी पार केलीय, बाजूनं साथीदार पोहत होते. बोलीही तीच ठेवा, पुण्याची भाषा तोंडात घालू नका. आणखी एक, चित्रीकरण कुठं करणार? आज कुंडल-वाळव्याकडं कॅमेरा लावला तर उसाशिवाय काही दिसत नाही. तेव्हा जोंधळा होता, भुईमूग होता, माळ उघडा होता. लपायला ऊस नव्हता. पोरं लपली ती लोकांच्या घरात, लोकांच्या जिवावर. हे दिसलं नाही तर गोष्टच कळणार नाही.

माणदेशी:
उसाचा मुद्दा फार मोलाचा आहे, मला सुचलाच नव्हता. चित्रीकरण आमच्या माणमध्ये करा, माळ अजून तसेच आहेत.

पण आता मी आणखी पक्का झालोय. मालिका नको, माहितीपट करा. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, २०२२ मध्ये. बघणारे, ऐकणारे जे उरलेत त्यांच्यासमोर उद्या कॅमेरा लावा. त्यात तळपाय यांच्यासारखी घरंही येतील. नट आणून उभा केलात की दोन्ही बाजूंचं खरं गेलं.

कृष्णाकाठ:
माहितीपट व्हायलाच हवा, त्यासाठी मी स्वतः हिंडायला तयार आहे. पण तो चारशे लोक बघतील. माझ्या पुतणीला नाना पाटील म्हणजे चौकातला पुतळा एवढंच माहीत आहे, तिच्यापर्यंत मालिकाच पोचेल.

तळपाय, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पत्री वगळून प्रतिसरकार दाखवणं मला जमणार नाही, ते नावातच आहे. पण ढोल नको, हे मान्य. काठी दाखवायचीच नाही, थेट ती चादर घरात येते तिथून प्रसंग सुरू करायचा, असं केलं तर? आणि आरोप खरा की खोटा, हे मालिकेनंही सांगायचं नाही.

ज्वारी-भुईमूग:
सांगायचं नाही हे मला पटत नाही. न्यायदान मंडळ आधी चौकशी करत होतं. ती चौकशीही दाखवा. साक्ष कुणी दिली, कुणी दिली नाही, पाटलांना बोलू दिलं का. नाहीतर बघणारा म्हणेल सगळे नुसतेच बडवत सुटले होते.

तळपाय:
चौकशी दाखवा. ती आमच्या बाबतीत झाली होती का, हे आजीला कुणी कधी सांगितलं नाही, आणि तिला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. मारापेक्षाही.

माझा विरोध अजून आहे. पण खरंच कुणी करणार असेल, तर भवानीनगरचा खोटा मार आणि आमच्या घरातला खरा मार एकाच भागात ठेवा. आजीनं तेल गरम करायचं ते पितळेचं पळं माझ्याकडं आहे. बूड काळं पडलंय, दांडा थोडा वाकलाय. लागलं तर देईन.