चाळिशीनंतर अंगावरून जास्त जाणं : कोणता उपाय, कधी? (अनुभव धागा)

केरसुणी :
शेजारच्या काकूंचे जुने कागद लावून देताना नव्वदच्या सुमाराचा एक केसपेपर हाती आला. त्यावर दोनच ओळी : पाळीत रक्तस्राव जास्त. पिशवी काढणे. ना एचबीचा आकडा, ना सोनोग्राफी, ना कारण. तेव्हा घरोघरी हेच चालायचं, ते सगळं आठवलं. आज मधे बरेच उपाय आहेत, पण कुठला कोणाला हे कोणी नीट सांगत नाही. इथे दवाखान्यात, लॅबमध्ये, मेडिकलमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत (आणि दोन-तीन दादाही). रडकथा नकोत, त्या वाचून लोक घाबरतात. कामातून जे कळलंय ते नेमकं लिहा. गोळी, डोस, मशीन, काय बिघडतं, सगळं.

सुंठवडा :
ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीतून लिहितेय, तुकड्यातुकड्यात वाचा.
"जास्त" म्हणजे किती? पुस्तकात एका पाळीत ८० मिलि. पण मोजतंय कोण! आता व्याख्याच अशी की बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल तर ते जास्त. तरी आकडा हवा असेल तर दोन रस्ते. एक, मेन्स्ट्रुअल कप. त्याला आतून खुणा असतात, ओतायच्या आधी वाचा, वहीत लिहा. दोन, पॅडचे गुण. थोडंसं डागाळलेलं १, मध्यम ५, पूर्ण भिजलेलं २०. छोटी गुठळी १, मोठी ५. कपडे-चादर खराब झाली की ५. पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर ते खरंच जास्त आहे, मनाचे खेळ नाहीत.
दर तासाला एक पॅड आणि असं सलग दोन-तीन तास, सोबत चक्कर किंवा धडधड, तर धागा वाचत बसू नका, रुग्णालय गाठा. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा लाल दिसलं, संबंधानंतर दिसलं, तर तेही थांबवून ठेवायचं नाही.
आणि हो, ४५ वय असलं तरी पहिली तपासणी लघवीची, गर्भधारणेची. हसू नका.

खारीबिस्कीट :
वाचनखूण साठवली. पॅडच्या गुणांना उत्तीर्ण व्हायला नको हीच प्रार्थना 😄

पांढरा पडदा :
सोनोग्राफी रूममधून दोन शब्द.
१) पाळी संपल्या संपल्या या. पाचवा-सहावा दिवस बरा. तेव्हा अस्तर पातळ असतं, पॉलिप (अस्तरावरचा मऊ कोंब) लपत नाही. पाळीच्या आदल्या आठवड्यात आलात तर अस्तर १४-१५ मिमी दिसेल, रिपोर्टवर "जाड अस्तर" छापलं जाईल आणि घरात रडारड. पाळी चालू असलेल्या बाईत तो आकडा एकटा काही सांगत नाही. ४ मिमीची मर्यादा पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसलं तर, त्यांच्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही एकत्र फिरतात.
२) आतून केलेली सोनोग्राफी पोटावरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. तिला लघवी साठवायची नाही, उलट करून यायची.
३) रिपोर्टमध्ये "फायब्रॉइड आहे" (पिशवीच्या स्नायूची साधी गाठ) एवढंच असेल तर परत जा आणि विचारा : कुठे? सगळा खेळ जागेचा आहे. पोकळीत लोंबणारी (टाइप ०) किंवा पोकळीत निम्म्याहून जास्त आलेली (टाइप १) गाठ २ सेमीची असली तरी बादलीभर रक्त काढते. बाहेरच्या अंगाला असलेली ६ सेमीची गाठ पाळीला हात लावत नाही. ती दिसली म्हणून पिशवी काढली आणि रक्तस्रावाचं खरं कारण भलतंच, हे होतं.
४) अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे अस्तराचे कण स्नायूत रुजणं. पिशवी गोल, फुगीर, एक भिंत जाड. यात दुखतंही खूप. फायब्रॉइड समजून गाठ काढायला गेलं तर कड सापडत नाही, कारण तिला कडच नसते.

लिंबूटिंबू :
पडदाताई, तो "बल्की युटेरस" शब्द काढायला लावा ना रिपोर्टमधून. निम्म्या बायका त्यानेच अर्ध्या होतात.

पांढरा पडदा :
@लिंबूटिंबू अगं दोन बाळंतपणं झालेल्या पिशवीचं माप थोडं मोठं असणारच. त्या शब्दाला एकट्याला उपचार नसतो.

औषधी वही :
मेडिकलचं काउंटर. चुका कुठे होतात ते लिहितो.
ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ५०० मिग्रॅ (पॉज, ट्रॅपिक वगैरे). नेहमीचा डोस दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत, चार ते पाच दिवस. लोक एकेक गोळी दोनदा घेतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. फरक पडणार कसा? आणि पाळी यायच्या आधीपासून सुरू करून उपयोग नाही, ती पाळी लांबवत नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारी यंत्रणा ती अडवते, एवढंच तिचं काम. नीट घेतली तर रक्तस्राव साधारण निम्म्यापर्यंत येतो. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल तर नाही. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी होतो.
मेफेनामिक अ‍ॅसिड ५०० मिग्रॅ तीनदा, जेवणावर. वेदना आणि रक्त दोन्ही कमी करते, पण रक्त ट्रॅनेक्झाइतकं नाही. अल्सर, दमा, किडनी असेल तर विचारून. मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनामिकसोबत डायसायक्लोमिन असतं, ते पेटक्यांसाठी. रक्तस्रावाशी त्याचा संबंध नाही.
नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ (प्रिमोल्युट-एन, रेजेस्ट्रॉन). तुफान चालू असलेला रक्तस्राव थांबवायला दिवसातून तीनदा, दहा दिवस. थांबवल्यावर दोन ते चार दिवसांत पाळी येतेच, तो बिघाड नाही. दर महिन्याच्या नियंत्रणासाठी पाळीच्या ५ व्या दिवसापासून २६ व्यापर्यंत द्यावी लागते. शेवटचे सात-आठ दिवस द्यायची जुनी पद्धत जास्त रक्तस्रावाला फारशी लागू पडत नाही. सत्यनारायणासाठी "पाळी पुढे ढकलायची" म्हणून जी चिठ्ठीशिवाय मागतात ती हीच. या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गुठळीचा इतिहास इथेही विचारायचा.
ऑर्मेलॉक्सिफेन ६० मिग्रॅ (सेविस्टा). हिची धाकटी बहीण ३० मिग्रॅची गर्भनिरोधक गोळी सहेली, सरकारी नाव छाया. लखनौच्या सीडीआरआयमध्ये (केंद्रीय औषध संशोधन संस्था) तयार झालेलं औषध. रक्तस्रावासाठी आठवड्यातून दोनदा १२ आठवडे, मग आठवड्यातून एकदा १२ आठवडे. हार्मोन नाही. वार ठरवून घ्या, बुधवार-रविवार. पाळी लांबते, कधी दोन-दोन महिने येत नाही. कावीळ होऊन गेली असेल किंवा पीसीओ (अंडाशयात बारीक गाठी, पाळी अनियमित) असेल तर नको.

केरसुणी :
दादा, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते. पाहुणे आले की काढून ठेवीन 🙈

जांभळी वेल :
अशोकारिष्ट कोणी लिहिलं नाही अजून? आमच्याकडे सगळ्यांना तेच

सुंठवडा :
@जांभळी वेल घ्यायचं तर वैद्यांना विचारून, पण तपासण्या थांबवून नाही. आणि अरिष्टात आपसूक तयार झालेलं ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं, यकृताचा त्रास असलेल्यांनी लक्षात ठेवा.

जांभळी वेल :
अगंबाई! म्हणून आजी दुपारची छान झोपायची 😂

तांबीवाली सिस्टर :
कुटुंब नियोजन विभाग. सगळ्यात मोठा घोळ : "तांबीने माझ्या जावेचं वाढलं, मला नको." तांबी वेगळी, हार्मोनची वेगळी. तांबीने रक्तस्राव वाढतो हे खरं. मिरेना किंवा एमिलीमध्ये ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम अस्तरावर सुटतं, अस्तर पातळ होतं. सहा महिने ते वर्षभरात रक्तस्राव ९० टक्क्यांपर्यंत कमी होतो, काहींची पाळी येतच नाही. रक्त आत साठत नाही हो, बनतच नाही.
पण पहिले तीन ते सहा महिने रोज थोडं थोडं डागाळतं. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून दुसऱ्याच महिन्यात काढायला येतात. बसवायच्या आधी हे समजावलं तर निम्म्या जणी टिकतात.
बसवणं ओपीडीत होतं. तासभर आधी वेदनाशामक, पोटात काहीतरी असू दे, सोबत कोणीतरी. नंतर चार-सहा आठवड्यांनी दोऱ्याची तपासणी. दोरा सापडला नाही तर सोनोग्राफी. पोकळी वेडीवाकडी असेल (आतल्या बाजूची गाठ) तर ती घसरून पडते, बऱ्याचदा जोराच्या पाळीत पॅडबरोबर जाते आणि कळतही नाही. रक्तस्राव एकाएकी पूर्वीसारखा झाला तर आधी ही शंका घ्या.
रक्तस्रावासाठी पाच वर्षं धरतात. पंचेचाळिशीत बसवली तर बऱ्याच जणींचं रजोनिवृत्तीपर्यंतचं काम एकीतच होतं.

कढीलिंब :
बायोप्सीबद्दल कोणीतरी लिहा. क्युरेटिंग केलं की बरं वाटतं म्हणतात ते खरं का

सुंठवडा :
महिना-दोन महिने. क्युरेटिंग हा उपचार नाही, अस्तर पुन्हा वाढतं. आणि ते न बघता केलेलं असतं, पॉलिप बाजूलाच राहून जातो. आता तीन मिमीच्या नळीने (पिपेल) ओपीडीत नमुना घेतात, भूल लागत नाही, पेटका येतो मिनिटभर. ४५ च्या पुढे, किंवा त्याआधीही वजन, मधुमेह, पीसीओ, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असेल, औषधाने फरक पडत नसेल तर नमुना हवाच. पॉलिपची शंका असेल तर दुर्बीण आत घालून बघत बघत काढायचा.
रिपोर्टमध्ये "हायपरप्लेसिया" (अस्तराची जादा वाढ) आलं की पुढचा शब्द वाचा. अटिपियाशिवाय (पेशी विचित्र झालेल्या नाहीत) असेल तर हार्मोनची तांबी पहिली, सहा महिन्यांनी पुन्हा नमुना. अटिपियासह असेल तर मात्र पिशवी काढण्याचा सल्ला योग्यच.
थायरॉइड (टीएसएच) विसरू नका. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते तर कोणी विचारतच नाही.

लालपेशी :
लॅब + डेकेअर. एचबी १२ आलं म्हणून खूश होऊ नका, फेरिटिन (साठवलेल्या लोहाची रक्ततपासणी) करा. ३० च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. केस गळणं, धाप, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं इथूनच सुरू होतं. अंगात ताप-सूज असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा करू नका.
गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी एक-दोन तास लांब, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. दिवसातून दोनदा घेण्यापेक्षा एकदा, किंवा एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं, पोटही कमी बिघडतं. एचबी नीट झाल्यावर अजून तीन महिने.
शिरेतून लागणारं लोह : वजन × (१५ − एचबी) × २.४ + ५००. साठ किलो, एचबी ८ : सुमारे १५०० मिग्रॅ. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज (लोहाचं इंजेक्शन) एका वेळी जास्तीत जास्त १००० मिग्रॅ, पुढचं आठवड्याने. वजन पन्नासच्या खाली असेल तर त्याहून कमी. नॉर्मल सलाईनमध्ये, पंधरा मिनिटांत. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. जळजळलं तर लगेच ओरडा, सोसू नका.

खारीबिस्कीट :
बीट??

लालपेशी :
रंगावर जाऊ नका. बिटात लोह बेताचंच. अळीव बरे.

लिंबूटिंबू :
अळिवाचे लाडू नारळाच्या पाण्यात भिजवून की दुधात? आमच्यात दुधात

जांभळी वेल :
नारळाच्या पाण्यातच!! दुधात भिजवलेले चिकट होतात. वेगळा धागा काढ.

उसाचं पाचट :
बीड. इथे धागा पाककृतीत जायच्या आधी लिहून टाकते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. खाडा पडला की दंड, फडात पाणी-संडास नाही, म्हणून पांढरं जाणं-पोट दुखणं यावरही ऑपरेशन. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक ऑपरेशनं रोखायची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना सांगितलं. कोणी "गाठ आहे, कॅन्सर होईल" म्हणून घाई केली तर नमुन्याचा रिपोर्ट मागा. साध्या फायब्रॉइडचा कॅन्सर होत नाही.

टाक्यांची पेटी :
ऑपरेशन लागतंच तेव्हा काय विचारायचं :
अंडाशयं ठेवणार का? पन्नाशीच्या आत, निरोगी असतील तर ठेवायची. काढली तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, हाडं आणि हृदय दोन्हीवर परिणाम. गर्भनलिका मात्र त्याच वेळी काढतात, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.
पिशवीचं तोंड ठेवणार का? ठेवलं तर पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) चालू ठेवावी लागते.
खालून, दुर्बिणीतून की पोट उघडून? खालून जमत असेल तर तेच बरं. मोठी पिशवी दुर्बिणीतून तुकडे करून काढणार असतील तर ते तुकडे बंद थैलीत करणार का, हे विचारा. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये याबद्दलच इशारा दिला होता : न कळलेला कॅन्सर असेल तर पोटभर पसरतो.
एचबी ७-८ वर टेबलावर घेऊ नये. आधी लोह, गरज पडली तर ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन ३.७५ मिग्रॅ महिन्याला, दोन-तीन महिने. पाळी थांबते, गाठ आक्रसते.
मधला पर्याय अस्तर जाळण्याचा. गरम पाण्याचा फुगा किंवा रेडिओलहरी. आधी नमुना हवाच, पुढे मूल नको असेल तरच, आणि तरीही गर्भनिरोधन लागतं कारण राहिलाच गर्भ तर धोक्याचा. खोल अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये हे फसतं.

कागदीघोडे :
विमा डेस्क. बहुतेक पॉलिसींत पिशवी काढण्याला २४ महिन्यांची वाट. हार्मोनची तांबी ओपीडीत बसवली तर सहसा दावा मिळत नाही. पूर्वमंजुरीच्या अर्जाला सोनोग्राफी, नमुन्याचा रिपोर्ट आणि "औषधं किती महिने दिली" हे लिहिलेला केसपेपर जोडा. हे तिसरं नसलं की प्रश्न परत येतो.

कढीलिंब :
मिरेना आहे आणि गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. काढावी लागेल का??

तांबीवाली सिस्टर :
नाही गं. ती प्लास्टिकची आहे, धातू नाही. तंत्रज्ञाला सांगून ठेव फक्त. गुडघ्याला काय झालं?